चामड्यात बांधलेला सेनेका

जुन्या वाड्याची आवराआवर निघाली की माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून कधी कधी इंग्रजी पुस्तकं बाहेर येतात. तपकिरी चामडं, कण्यावर सोनेरी अक्षरं, पानांच्या कडांना मुलामा, आणि आत मार्कस ऑरेलियस, एपिक्टेटस किंवा सेनेका असं एखादं नाव. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "शंभर वर्षांपूर्वीचं दिसतंय, याचे किती येतील?"

बहुतेक वेळा उत्तर निराशेचं असतं. नुसतं वय आणि नुसतं चामडं यांना फारसा भाव नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी पुस्तकं हजारोंनी निघाली. पण त्याच ट्रंकेत, फाटक्या कापडी पुठ्ठ्यात, खरोखर मोलाची प्रत असू शकते आणि ती आधी रद्दीत जाते. हा फरक ओळखायचा कसा, ते या प्रकरणात पाहू.

१. स्टोइक नाशकात कसे पोहोचले?

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास झेनो नावाचा माणूस अथेन्सच्या बाजारालगत, चित्रांनी सजवलेल्या एका ओसरीत शिकवू लागला. अशा ओसरीला ग्रीकमध्ये 'स्टोआ' म्हणत, म्हणून त्याचे अनुयायी स्टोइक झाले. शिकवणीचा गाभा थोडक्यात सांगता येतो. आपले विचार, इच्छा आणि निर्णय आपल्या हातात आहेत. आजार, संपत्ती, लोकांचं मत आणि मरण आपल्या हातात नाही. पहिल्याची काळजी घ्यावी, दुसऱ्यापायी मनाचा तोल जाऊ देऊ नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना हे ऐकून परकं वाटत नाही. दोघांचा पाया मात्र वेगवेगळा आहे, हे विसरू नये.

झेनोचा एकही ग्रंथ आज पूर्ण उरलेला नाही. आपल्या हाती आहेत ते मुख्यतः रोमन काळातले तिघे. सेनेका हा नीरो बादशहाचा गुरू आणि सल्लागार. एपिक्टेटस जन्माने गुलाम, पुढे स्वतंत्र झालेला शिक्षक. आणि मार्कस ऑरेलियस, ज्याने इसवी सन १६१ ते १८० या काळात साम्राज्य चालवलं आणि स्वतःसाठी टिपणं लिहिली.

ही मंडळी गोदाकाठी आली ती साहेबाच्या सामानातून. आय.सी.एस.च्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिनला मोठं वजन होतं, त्यामुळे जिल्ह्यावर येणारा तरुण अधिकारी ग्रीक-लॅटिन लेखक शाळेतच गिरवून आलेला असे. देवळालीला छावणी होती, म्हणजे तिथेही साहेब आलेच. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर आपल्याकडची मुलंही युरोपातले अभिजात लेखक वाचू लागली. इंग्रजी शाळा-कॉलेजांत बक्षीस म्हणून चामडी बांधणीचं पुस्तक देण्याची रीत होती आणि उपदेशपर म्हणून मार्कस ऑरेलियस त्या कामाला सोयीचा होता. वकिलांच्या आणि मास्तरांच्या घरांतून निघणाऱ्या प्रती पुष्कळदा अशा बक्षिसाच्या असतात. पुठ्ठ्यावर संस्थेचं सोनेरी बोधचिन्ह आणि आत चिकटवलेली छापील चिठ्ठी, ही त्यांची खूण.

२. संग्राहकांबद्दल खुद्द लेखकांचं मत

आता गंमत पाहा. ज्यांची पुस्तकं लोक सोनेरी बांधणीत जमवतात, त्या तिघांनीही पुस्तकं जमवण्याला नाकं मुरडली आहेत.

मार्कस स्वतःलाच बजावतो की पुस्तकांची हाव सोड. एपिक्टेटसला, क्रिसिपस या स्टोइक पंडिताचा ग्रंथ आपल्याला समजतो म्हणून मिरवणारा विद्यार्थी मुळीच आवडत नसे. वागण्यात काय बदललं ते दाखव, असं त्याचं म्हणणं. त्याने स्वतः काही लिहिलंच नाही. एरियन या शिष्याने त्याची व्याख्यानं उतरवून घेतली. त्याचे आठ भाग होते असं मानतात, त्यांपैकी चार उरले.

सेनेका तर सरळ तुटून पडतो. अलेक्झांड्रियात चाळीस हजार ग्रंथ जळाले तेव्हा त्या संग्रहाची थोरवी गाणारे होते. सेनेका म्हणतो की ती विद्या नव्हे, विद्येचा थाट होता. 'सिट्रस' नावाचं मौल्यवान लाकूड आणि हस्तिदंत यांची कपाटं करून त्यांत न वाचलेले ग्रंथ मांडणाऱ्या श्रीमंतांची तो टर उडवतो. यात एक मेख आहे. डिओ कॅशियस या इतिहासकाराने सेनेकावर ठेवलेला आरोप असा की याच्या घरी त्याच लाकडाची, हस्तिदंती पायांची पाचशे मेजं होती. आरोप खरा की खोटा ते सोडा. पण सेनेकाचं हे पान वाचताना मला ती मेजं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

या सगळ्यांवर कडी केली ती ल्युशियन या विनोदी लेखकाने. त्याचा काळ इसवी सनाचं दुसरं शतक, म्हणजे एपिक्टेटस जाऊन फार दिवस झाले नव्हते. एपिक्टेटसचा लोखंडी दिवा चोरीला गेला होता. तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. ज्याच्याकडे वस्तू असते त्याचीच ती हरवते. पुढे तो वारला आणि त्याचा मातीचा दिवा कुणीतरी तीन हजार द्राख्मांना विकत घेतला. रात्री त्या उजेडात वाचलं की एपिक्टेटसचं शहाणपण आपोआप अंगी येईल, अशी घेणाऱ्याची आशा. ल्युशियनने हा किस्सा सांगितला तो अडाणी ग्रंथसंग्राहकावरच्या लेखात. म्हणजे स्टोइकांच्या वस्तूंचा बाजार अठराशे वर्षं जुना आहे आणि त्याची चेष्टाही तितकीच जुनी.

मग जमवायचंच कशाला? माझ्या मते एका कारणासाठी जमवावं. जुनी प्रत पुष्कळदा अशी माहिती सांगते, जी नव्या प्रतीत नसते. ती माहिती वाचता येत नसेल तर आपण दिवाच विकत घेतला म्हणायचा.

३. 'पहिली आवृत्ती' म्हणजे नेमकी कुठली?

आजच्या लेखकाच्या बाबतीत हे सोपं आहे. लोकमान्यांचं गीतारहस्य १९१५ साली पुण्यात प्रथम छापलं गेलं, ती पहिली आवृत्ती. पण सेनेका वारला इसवी सन ६५ मध्ये, आणि युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई आली पंधराव्या शतकाच्या मध्याला. मधली चौदा शतकं ग्रंथ हातांनी नकलून टिकले. म्हणून प्राचीन लेखकाची 'पहिली आवृत्ती' म्हणजे हस्तलिखितावरून झालेली पहिली छपाई. सेनेकाचे नीतिपर ग्रंथ आणि पत्रं १४७५ साली नेपल्समध्ये छापली गेली. एपिक्टेटसची व्याख्यानं ग्रीकमध्ये १५३५ साली व्हेनिसला आली. मार्कसची टिपणं १५५९ साली झुरिकला, आंद्रेआस गेसनरच्या छापखान्यात.

यांतली १५५९ ची छपाई विशेष का? ती ज्या हस्तलिखितावरून केली, ते पुढे हरवलं. मार्कसचं दुसरं जवळपास पूर्ण हस्तलिखित आज व्हॅटिकनमध्ये आहे, तेवढंच. त्यामुळे ते छापील पुस्तक हाच हरवलेल्या पोथीचा साक्षीदार ठरतो. ते कोऱ्या पुठ्ठ्यात बांधलेलं असलं तरी त्याचं मोल कमी होत नाही.

मराठीत याच्या जवळचं उदाहरण आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी अभ्यासकाला लागते, ती त्यांना बीडजवळच्या पाटांगणला मिळालेल्या जुन्या पोथीमुळे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली शिळाछापावर काढलेल्या ज्ञानेश्वरीचं मोल वेगळं आहे. तिथे छपाईच्या इतिहासाचा प्रश्न येतो. एकाच ग्रंथाच्या दोन जुन्या प्रती आणि दोघींना जपण्याची कारणं निराळी.

'जितकं आधीचं तितकं चांगलं' हा समजही टिकत नाही. इरॅस्मस या विद्वानाने सेनेकाची आवृत्ती बासेलच्या फ्रोबेन छापखान्यातून १५१५ साली काढली. त्यात इतक्या चुका राहिल्या की तो स्वतःच खजील झाला आणि १५२९ साली त्याने ती नव्याने सिद्ध केली. वाचणाऱ्याने १५२९ ची घ्यावी. पुढे युस्टुस लिप्सियसने १६०५ साली अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यातून काढलेला सेनेका तर शतकभर प्रमाण मानला गेला.

४. सालाचं गणित आणि कागदाची घडी

जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर साल पुष्कळदा रोमन अंकांत असतं. त्याला घाबरायचं कारण नाही. एम म्हणजे १०००, डी म्हणजे ५००, सी म्हणजे १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. आता लिप्सियसच्या सेनेकावरची अक्षरं घ्या: एम, डी, सी, व्ही. १००० अधिक ५०० अधिक १०० अधिक ५, झाले १६०५. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं तर वजा करायचं, इतकाच नियम.

दुसरी गोष्ट घडीची. छापखान्यात मोठा ताव छापून मग घडी घालतात. एक घडी घातली की दोन पत्रे, चार पृष्ठं; हा मोठा आकार, त्याला फोलिओ म्हणतात. दोन घड्या घातल्या की चार पत्रे, तो क्वार्टो. तीन घड्या घातल्या की आठ पत्रे, सोळा पृष्ठं, तो ऑक्टेव्हो. म्हणजे ३२० पृष्ठांच्या ऑक्टेव्होला वीस ताव लागतात. घडी घातलेल्या अशा एकेका गठ्ठ्याला आपले बाइंडर जुझ म्हणतात आणि जुझ दोऱ्याने शिवून केलेल्या बांधणीला जुझबंदी. जुन्या युरोपीय पुस्तकात प्रत्येक जुझाच्या पहिल्या पानाखाली ए, बी, सी अशी खूण असते. ती क्रमाने तपासली की मधला जुझ गळालाय का ते दोन मिनिटांत कळतं. त्या वर्णमालेत डब्ल्यू नसतो, आणि आय-जे व यू-व्ही या जोड्यांतलं एकेकच अक्षर असतं. ही अक्षरं न दिसल्यास पानं गेली असं समजू नये.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि इथे नवख्याचा अंदाज हमखास चुकतो. १६०५ चा कागद अनेकदा १९०५ च्या कागदापेक्षा पांढरा आणि चिवट असतो. जुना युरोपीय कागद सुती-तागाच्या चिंध्यांपासून होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा आला, शिवाय शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरत. त्यातून आम्ल तयार होतं आणि पान पिवळं पडून बिस्किटासारखं तुटतं. पान उजेडात धरून पाहा. बारीक समांतर रेषा आणि एखादं जलचिन्ह दिसलं तर कागद हातबनावटीचा असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडचा जुन्नरी कागद किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागदही असाच टिकाऊ होता, म्हणून तर पेशवाईतली दप्तरं आजही वाचता येतात.

५. बांधणी: पुस्तकाचं वय आणि कातड्याचं वय

साधारण १८२० पर्यंत इंग्लंडातला गिऱ्हाईक पुस्तक विकत घेई ते सुट्या जुझांत किंवा कच्च्या पुठ्ठ्यात. मग तो आपल्या बाइंडरकडून आपल्या ऐपतीप्रमाणे बांधून घेई. प्रकाशकाने सगळ्या प्रतींना एकसारखं कापडी वेष्टन घालून विकण्याची रीत त्यानंतरची. याचा अर्थ असा की छपाई आणि बांधणी ही दोन वेगळी वयं आहेत. जुन्या वाड्याची चौकट पेशवाईतली, जिना इंग्रजी आमदानीतला आणि पत्रे परवाचे असावेत, तसं १७४२ साली ग्लासगोच्या फाउलिस छापखान्यात निघालेला मार्कस १८८० च्या कातड्यात बसलेला सापडू शकतो. प्रत्येक भागाचं वय वेगळं विचारायचं.

कातड्यांत वासराचं कातडं गुळगुळीत असतं, ते लवकर चरे धरतं. मोरोक्को म्हणजे बकऱ्याचं, दाणेदार आणि टिकाऊ; चांगली बांधणी म्हटलं की संग्राहकाच्या डोळ्यांपुढे हेच येतं. फक्त कणा आणि कोपरे चामड्याचे आणि बाकीच्या पुठ्ठ्यावर कापड किंवा अबरी असेल, तर ती अर्धी बांधणी. अबरी म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उतरवलेली लाटालाटांची नक्षी. ती युरोपची मिरास समजू नका. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीतून अख्खी चित्रं रचली आहेत.

आपल्या परंपरेत मात्र चामड्याला स्थान नव्हतं. धर्मग्रंथ सुट्या आडव्या पानांत, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल. छपाई आल्यावरही पोथीचा हा आकार बराच काळ चालू राहिला. गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली गीता हा त्या छपाईचा आरंभीचा टप्पा. पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींच्या चोपड्या आजही आहेत. त्या दिसायला साध्या, पण माहितीच्या दृष्टीने कुठल्याही सोनेरी ग्रंथाला भारी. 'देखणी बांधणी म्हणजे मौल्यवान ग्रंथ' हे समीकरण आपण साहेबाकडून घेतलं, आणि ते त्याच्याकडेही पुरतं खरं नव्हतं.

एक उदाहरण घेऊन ताडून पाहू. समजा दोन प्रती समोर आहेत. पहिली: जॉर्ज लाँग यांनी केलेलं मार्कसचं इंग्रजी भाषांतर, १८६२ ची पहिली आवृत्ती, प्रकाशकाचंच कापड, कणा जरा उसवलेला, समासात कुणा वाचकाची पेन्सिलीने लिहिलेली मोडी टिपणं. दुसरी: त्याच भाषांतराचं चाळीस वर्षांनंतरचं पुनर्मुद्रण, पूर्ण चामडं, तिन्ही कडा सोनेरी, आतली पानं एकमेकांना चिकटलेली कारण कुणी उघडलंच नाही. दिवाणखान्यात दुसरी शोभेल. संग्राहक पहिली उचलेल आणि मीही तीच उचलेन. छपाई आधीची आहे, वेष्टन मूळचं आहे, आणि एका मराठी माणसाने मार्कसशी घातलेला वाद तिच्यात शिल्लक आहे.

१९७० च्या दशकापासून अमेरिकेत फ्रँकलिन लायब्ररी आणि ईस्टन प्रेस यांनी चामडी, सोनेरी कडांचे 'अभिजात' संच काढले. ते ऑनलाइन बाजारात 'अँटिक' म्हणून दाखवले जातात. कागद उत्तम आणि बांधणीही चांगली, पण जुनं त्यात काही नाही.

६. नाशिकच्या हवेत सांभाळायचं कसं?

आपल्याकडे उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट. हा झोका चामड्याला सोसत नाही. एकोणिसाव्या शतकातलं कातडं हातात घेतल्यावर बोटांना विटकरी भुकटी लागली तर तो रोगच आहे. हवेतले गंधकाचे अंश कातड्यात मुरून आम्ल होतं आणि तंतू विरघळतात. गेलेलं कातडं परत येत नाही. तेल, व्हॅसलीन, बुटाचं पॉलिश यांतलं काहीही चोळू नका. डाग कागदात उतरतात आणि बुरशीला खाद्य मिळतं. आम्लरहित कागदात गुंडाळून मापाच्या खोक्यात ठेवणं हाच घरगुती उपाय. जास्तीचं काम जतनतज्ज्ञाकडे द्यावं.

पुस्तक बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, वाळवी आणि ओल तिथूनच येते. मोठा फोलिओ आडवा ठेवावा. कपाट पावसाळ्यात पंधरा दिवसांनी उघडून पंख्याची हवा द्यावी. कसर दिसली तर ती प्रत लगेच वेगळी करावी. आणि तळघर किंवा तळमजला टाळावा. १९६९ चा गोदेचा पूर ज्यांनी पाहिला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं, त्या सराफ बाजाराकडच्या मंडळींना हे सांगायला नको.

सगळ्यात मोठा धोका मात्र कसरीचा नाही, नव्या बांधणीचा आहे. उसवलेलं पुस्तक कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे दिलं की तो मूळ पुठ्ठा फेकतो, कडा यंत्रावर कापून सारख्या करतो आणि वर रेक्झिन चढवतो. समासातली टिपणं त्या कापात अर्धी जातात. काही ग्रंथालयांनीही चांगल्या हेतूने हेच केलं आहे. पुस्तक उसवलेलंच बरं. सुती फितीने सैल बांधून ठेवा.

७. घेताना आणि देताना

वाचण्यासाठी वेगळी प्रत असावी. लोएब मालेतला सी. आर. हेन्स यांचा मार्कस १९१६ चा, डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी. या मालेत ग्रीक ग्रंथांना हिरवं वेष्टन, लॅटिनला लाल. ही माला अजून छापली जाते. जुनी प्रत त्यामुळे झिजण्यापासून वाचते.

विकत घेताना ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर 'रद्द' अशी नोंद आहे का ते बघा. नसेल तर ती प्रत कुणाच्या तरी मालकीची असू शकते, घेऊ नका. हस्तलिखित पोथी हा तर वेगळाच विषय. ७५ वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

मराठी पुस्तकांपुरता एक आकडा ध्यानात ठेवा: १८६७. छपाईच्या बाल्यावस्थेतल्या, म्हणजे १८०५ ते १८६७ या काळातल्या मराठी पुस्तकांना अभ्यासक दोलामुद्रितं म्हणतात. सेनेकाच्या बक्षीसप्रतीच्या शेजारी अशी एखादी पातळशी, पुठ्ठा नसलेली पुस्तिका निघाली तर ती सेनेकापेक्षा कितीतरी दुर्मिळ असेल.

म्हणून वाडा पाडायला निघण्याआधी, किंवा ट्रंक वजनावर देण्याआधी, एवढं करा. प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपानाचा, त्यामागच्या पानाचा आणि हस्ताक्षर असेल त्या पानांचा फोटो काढा. ते फोटो घेऊन १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, सावानात जा. मुंबईला मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी आहे, पुण्याला भांडारकर संस्था आहे. तिथेही विचारता येईल. रद्दीवाला आठवडाभर थांबेल.